दोन अल्टिमीटरवाला जुना व्हॅरिओ, तीन सीझन वापरल्यानंतर

तीन सीझन झाले पॅराग्लायडिंगला हा व्हॅरिओ (वर जातोय की खाली ते बीप करून आणि उंची आकड्यात सांगणारं यंत्र) वापरतेय, बहुतेक उडणं कामशेतला आणि मधे दोन ट्रिपा हिमाचलातल्या बीर-बिलिंगच्या, त्यामुळे आता याच्याबद्दल लिहायला हरकत नाही असं वाटतंय. मॉडेलचं आणि कंपनीचं नाव मुद्दाम टाकत नाहीये. एकतर हे नवीन मिळत नाही, मी सेकंडहँड घेतलाय, आणि दुसरं म्हणजे यातली एक गोष्ट मला अजिबात पटलेली नाही, ती पुढे सविस्तर लिहिलीये. पण असल्या जातीचे म्हणजे युरोपात बनलेले, काळा-पांढरा डिस्प्ले, चार बटणं, दोन पेन्सिल सेल आणि आत जीपीएस नाही असे व्हॅरिओ आपल्याकडे अजून भरपूर फिरतात. कोणीतरी नवीन टचस्क्रीनवालं घेतं आणि जुनं ग्रुपवर विकायला काढतं, आणि पी-टू (नवीन पायलटचा कोर्स) करून नुकतेच बाहेर पडलेले पायलट ते उचलतात. मी पण तसाच उचलला. पंधरा हजार दिले. तर ज्यांच्या हातात असलं काही येणार आहे किंवा आलंय त्यांच्यासाठी हा रिव्ह्यू आहे, आणि यातला मोठा भाग अल्टिमीटरवरच आहे, कारण बीप बीप ऐकून थर्मलमधे (वर चढणाऱ्या गरम हवेत) वळणं सगळेच शिकतात पण ते उंचीचे आकडे कसे लावायचे आणि कसे वाचायचे हे कोणी धड बसवून सांगत नाही.

मला ज्या दादांनी विकला त्यांनी पार्किंगमधे उभ्या उभ्या दोन मिनिटांत दाखवला होता. "हे ए१, हे ए२, हे दाबून धरलं की शून्य, झालं." आणि खरंच मला वाटलं झालं. पहिला अख्खा महिना ए१ (समुद्रसपाटीपासूनची उंची) काहीही दाखवत होता, मी बघतच नव्हते, आणि ए२ (आपण ठरवू त्या जागेपासूनची उंची) टेक-ऑफला शून्य करून उडत होते कारण बाकीचे तसं करताना दिसायचे.

आधी आतली गोष्ट, कारण ती कळली की बाकी सगळं आपोआप लागतं. व्हॅरिओला उंची कळत नाही. त्याला फक्त हवेचा दाब कळतो. आत एक छोटा सेन्सर असतो, हल्लीच्या बऱ्याच व्हॅरिओंमधे एमएस५६११ नावाचा असतो, ज्याला दहा सेंटिमीटर वर गेलेलं पण समजतं. आमच्या घरी मी टेबलावरून उचलून कपाटावर ठेवला तरी बीप करतो. इतका तो बारीक आहे. पण तो बारीक आहे दाबातला फरक ओळखण्यात. त्या दाबाचं "समुद्रसपाटीपासून ९४० मीटर" करायचं तर त्याला एक ठरलेला तक्ता वापरावा लागतो, ज्यात समुद्रसपाटीला दाब १०१३.२५ हेक्टोपास्कल, तापमान १५ डिग्री, आणि दर हजार मीटरला साडेसहा डिग्री थंड असं धरलेलं असतं. आता मला सांगा एप्रिलमधे दुपारी कामशेतला ही असली हवा कुठे असते? तर त्याचा आकडा आणि खरी उंची यांच्यात फरक पडणारच, प्रश्न एवढाच की किती आणि कुठल्या बाजूला.

दाबाचा हिशोब डोक्यात ठेवायला सोपा आहे. खालच्या उंचीवर एक हेक्टोपास्कल म्हणजे साधारण साडेआठ मीटर. दाब एकने उतरला की व्हॅरिओ जागेवर बसल्या बसल्या साडेआठ मीटर "वर" जातो.

आणि आपल्याकडे दाब रोज उतरतो. वादळ नको, पाऊस नको, अगदी स्वच्छ जानेवारीतल्या दिवशी पण उतरतो. उष्ण कटिबंधात हवेच्या दाबाला दिवसातून दोन भरत्या आणि दोन ओहोट्या असतात, सकाळी आणि रात्री दहाच्या सुमारास चढलेला, पहाटे आणि दुपारी चारच्या सुमारास उतरलेला, आणि दहा ते चारमधला फरक तीन-चार हेक्टोपास्कल सहज असतो. युरोपात हे फारसं जाणवत नाही, तिथे हवामानच दाब इतका वरखाली करतं की त्यात हे झाकून जातं, म्हणून असेल कदाचित पण माझ्या व्हॅरिओच्या मॅन्युअलमधे याचा एक शब्द नाही. मला हे कळलं ते असं. सकाळी साडेदहाला लँडिंगच्या शेतात पोचलो, मी शहाण्यासारखं तिथेच ए२ शून्य केलं, मग वारा येईना म्हणून टेक-ऑफला बसून राहिलो, कोणी डबे काढले, कोणी झोपलं, आणि चारला एकदम छान वारा लागला आणि सगळे निघाले. चाळीस मिनिटं उडून उतरले, पाय शेतात टेकले, विंग खाली आली, व्हॅरिओ बघते तर ए२ वर २७. मी शेतात उभी आणि व्हॅरिओ म्हणतोय सत्तावीस मीटर उंचीवर आहेस.

आधी वाटलं खराब झाला. दादांना फोन करून विचारलं पण, की सेन्सर गेलाय का. मग घरी येऊन मुंबईच्या विमानतळाचे त्या दिवसाचे हवामानाचे रिपोर्ट काढले, ते नेटवर कोणालाही दिसतात, त्यात क्यू अक्षरापुढे चार आकडे असतात ते त्या वेळचा समुद्रसपाटीचा दाब, त्यालाच क्यूएनएच म्हणतात. सकाळच्या रिपोर्टमधे आणि चारच्या रिपोर्टमधे तीनचा फरक. तीन गुणिले नऊ, सत्तावीस. (आपण समुद्रावर नाही, सहाशे मीटरवर आहोत, तिथे हवा पातळ म्हणून साडेआठचे नऊ होतात.) सेन्सर अगदी ठणठणीत होता, खरं तर तोच बरोबर सांगत होता आणि मला ऐकायला येत नव्हतं.

आता सत्तावीस मीटर म्हणजे किती ते बघा. आमच्या सरांनी शिकवलंय की लँडिंगच्या शेजारी साधारण ऐंशी मीटरवर पोचायचं आणि तिथून उंची खर्च करायला सुरुवात करायची. ज्याचा व्हॅरिओ सत्तावीस जास्त दाखवतोय तो ऐंशी समजून पन्नासवर आहे. तारा, झाडं, बांध, सगळं तिथे जवळ आलेलं असतं. आणि चूक नेमकी धोक्याच्या बाजूची आहे, म्हणजे आहे त्यापेक्षा जास्त उंची दाखवणारी, आणि ती नेमकी संध्याकाळी सगळे उतरतात तेव्हा सगळ्यात मोठी असते. म्हणून माझं आता पक्कं झालंय, ए२ सकाळी लावून विसरायचं नाही, उडायच्या आधी परत लावायचं. पण टेक-ऑफला उभं राहून लँडिंगचं शून्य कसं लावणार? तर त्यासाठी या व्हॅरिओत एक छान सोय आहे, ए२ ला शून्यच नाही तर कुठलाही आकडा देता येतो. मी माझ्या नेहमीच्या टेकड्यांचा टेक-ऑफ ते लँडिंग फरक वहीत लिहून ठेवलाय, हार्नेस घातल्यावर, हेल्मेटचा पट्टा लावायच्या आधी, ए२ वर तो आकडा टाकते आणि मग विंगकडे जाते. वीस सेकंद लागतात. ही सोय मला या व्हॅरिओत सगळ्यात जास्त आवडते आणि त्यासाठी मी त्याला पैकीच्या पैकी देईन.

टेक-ऑफला शून्य करावं की लँडिंगला यावर ग्रुपमधे खूप वाद होतात. टँडमवाले (प्रवाशाला बरोबर घेऊन उडणारे) बहुतेक टेक-ऑफला करतात, आणि त्यांचं बरोबर आहे, ते दिवसभर कड्यावर सोअरिंग (कड्यावरून वर येणाऱ्या वाऱ्यावर तरंगणं) करतात आणि परत वरच उतरायचं असतं, त्यांना कड्याच्या वर किती आहोत हेच पाहिजे. मला नाही जमत ते. वजा आकडा वाचताना डोकं एक सेकंद जास्त घेतं. वजा १९० म्हणजे लँडिंग अजून किती खाली, हा हिशोब सिंकमधे खाली खेचले जात असताना मला करायचा नाहीये. शून्य खाली असावं, जमिनीवर, म्हणजे आकडा कमी होत गेला की जमीन जवळ येतेय, साधं सरळ.

आता ए१. हे समुद्रसपाटीपासूनचं. लावायच्या दोन पद्धती आहेत, एकतर क्यूएनएच टाका नाहीतर उभे आहात त्या जागेची माहीत असलेली उंची टाका, मग क्यूएनएच तो स्वतः काढतो. मी नेहमी दुसरी वापरते. एकतर विमानतळाच्या रिपोर्टमधला आकडा पूर्णांकात असतो आणि तोही खाली उतरवलेला, म्हणजे १०१२.९ असलं तरी १०१२ च लिहिणार, तिथेच आठ मीटर गेले. आणि विमानतळ इथे नाही, मधे घाट आहे. त्यापेक्षा टोपो नकाशावरून टेक-ऑफची उंची घ्या आणि टाका. बटण तीन सेकंद दाबून धरलं की ए१ लुकलुकायला लागतं, मग वरखालीच्या बटणांनी आकडा फिरवायचा, एक एक मीटरने सरकतो, जास्त वेळ दाबून धरलं की पळायला लागतो आणि मग हमखास पुढे जातो आणि परत मागे यावं लागतं. थंडीत बीरला बोटं आखडलेली असताना हे फार त्रासाचं होतं. आणि डिस्प्लेचं कौतुक करायला पाहिजे, भर उन्हात गॉगल लावून सुद्धा स्वच्छ दिसतो, नवीन रंगीत स्क्रीनवाल्या मित्रांना त्यांचा हात आडवा धरून बघावा लागतो.

ए१ ची किंमत मला बीरला कळली. कामशेतला सगळं इतकं जवळ जवळ असतं की खाली किती आहे एवढं पुरतं. बीरला टेक-ऑफच साधारण २४०० मीटरवर, लँडिंग त्याच्या हजारेक मीटर खाली, आणि मागे धौलाधारची रांग. तिथे रेडिओवर सगळं ए१ मधेच चालतं. "कुठे आहेस, किती आहेस?" "अठ्ठावीसशे, मंदिराच्या वर." आता एकाचा ए१ लावलेला, एकाचा तीन दिवसांपूर्वीचा, एकाचा फुटात, तर त्या बोलण्याला अर्थ काय राहतो? माझ्या बरोबरचा एक मित्र आणि मी एकाच थर्मलमधे समोरासमोर, पंख एका पातळीत, मला त्याच्या बुटाचा रंग दिसतोय, आणि रेडिओवर तो म्हणतो २७१० आणि माझ्याकडे २६३५. खाली उतरून बघितलं तर मी ए१ दोन दिवसांपूर्वी लावलेला होता आणि मधे हवा बदलली होती. तेव्हापासून रोज सकाळी बिलिंगला गाडीतून उतरल्या उतरल्या पहिलं काम ते.

आणि फुटाचं. सेकंडहँड घेणाऱ्यांनी हे आवर्जून बघा, आधीच्या मालकाने उंची फुटात आणि चढ-उतार मीटर प्रति सेकंदात असं ठेवलेलं असू शकतं. माझ्यात तसंच होतं आणि डिस्प्लेवर एककाचं अक्षर इतकं बारीक की मुंगीच्या पायाएवढं. तिसऱ्या दिवशी मला कळलं की मी ज्याला तीनशे मीटर समजत होते ते तीनशे फूट होते, म्हणजे नव्वद मीटर. सेटिंगमधे जाऊन सगळं मीटर करून टाका, आणि करून झाल्यावर घराच्या जिन्यात तपासा. आमची बिल्डिंग सात मजली, लिफ्टने खालून वर गेले की वीस-एकवीस दाखवायला पाहिजे, पासष्ट-सत्तर दाखवत असेल तर समजायचं फूट आहेत.

उष्णतेचा परिणाम मी मुद्दाम तपासला, कळसूबाईला. १६४६ मीटर, महाराष्ट्रातली सगळ्यात उंच जागा, आकडा सगळ्यांना पाठ, यापेक्षा चांगली मोजपट्टी कुठे मिळणार. डिसेंबरमधे सकाळी सातला बारी गावातून निघालो, निघताना नकाशावरची उंची ए१ ला टाकली, बॅगेच्या वरच्या खिशात व्हॅरिओ ठेवला, आणि साडेदहाला देवळापाशी उभं राहून बघितला. १५९८. जवळजवळ पन्नास मीटर कमी. शिड्या चढून दम लागलेला, समोर सगळी रांग स्वच्छ उघडी, आणि मी खाली मान घालून गणित करतेय. पण गणित सुंदर जमलं. तक्त्यात त्या चढाईच्या मधल्या उंचीला सात-आठ डिग्री धरलेत आणि त्या दिवशी हवा सरासरी वीसच्या आसपास होती. नियम असा की ठरलेल्यापेक्षा दर दहा डिग्री गरम हवेला आकडा साधारण चार टक्के कमी येतो, कारण गरम हवा फुगते आणि तेवढाच दाब उतरायला जास्त चढावं लागतं. साडेआठशे मीटर चढाईचे साडेचार-पाच टक्के म्हणजे चाळीसच्या आसपास, आणि सात ते दहामधे दाब चढला त्याचे दहाएक. पन्नास. पास्कलच्या मेव्हण्याने १६४८ मधे पाऱ्याची नळी घेऊन फ्रान्समधल्या पुय द डोम डोंगरावर चढून हेच बघितलं होतं की वर गेलं की पारा उतरतो, आणि मला देवळाच्या पायरीवर बसून फार भारी वाटलं की आपण पण तेच करतोय.

हे उडताना कुठे लागतं? एप्रिलमधे दुपारी, खाली छत्तीस डिग्री, टेक-ऑफ ते लँडिंग खरे तीनशे मीटर असतील तर व्हॅरिओ पावणेतीनशेच दाखवणार. शून्य लँडिंगला लावलेलं असेल तर ही चूक चांगल्या बाजूची आहे, आहे त्यापेक्षा कमी दाखवते. म्हणजे तेव्हा उष्णतेची चूक सांभाळून घेते आणि वेळेची चूक मारते, आणि दोन्ही एकाच दुपारी एकमेकांत मिसळतात. लक्षात एवढंच ठेवायचं की उष्णतेची चूक जिथे आकडा लावला तिथे शून्य असते आणि तिथून जितके लांब वर किंवा खाली जाल तितकी वाढते. म्हणूनच जर टेक-ऑफला टोपोवरचा फरक टाकला आणि गरम दिवस असेल तर उतरल्यावर शून्य न येता वीस-पंचवीस येतात, दाब अजिबात बदलला नाही तरी, म्हणजे तेव्हा हीच चूक धोक्याच्या बाजूची होते. मी वहीत आता हिवाळ्याचा फरक आणि उन्हाळ्याचा फरक असे दोन वेगळे आकडे ठेवलेत, दोन्ही व्हॅरिओनेच मोजलेले, गाडीतून लँडिंगपासून टेक-ऑफला जाताना. नकाशाचा आकडा ए१ ला, व्हॅरिओचा स्वतःचा आकडा ए२ ला. हे माझं मी शोधलेलं आहे आणि दोन सीझन नीट चाललंय, उतरल्यावर पाच-सातच्या पुढे क्वचित जातं.

गाडीतून मोजताना एक गंमत दिसेल, जीपचं दार धाडकन लावलं की व्हॅरिओ एकदम बीप करतो आणि आकडा मीटरभर हलतो. आतला दाब क्षणभर बदलतो म्हणून. त्यावरून मला सुचलं की मग वाऱ्याने पण हलत असणार, आणि हलतोच. व्हॅरिओच्या मागे एक बारीक भोक असतं जिथून हवा आत जाते, ते थेट समोरच्या वाऱ्याला आलं तर ताशी छत्तीस किलोमीटरला, म्हणजे आपण ज्या वेगाने उडतो जवळपास त्याच वेगाला, पाच मीटरचा फरक पडतो. म्हणून भोक मागे किंवा खाली राहील असा लावा. आणि त्यावर वेल्क्रो चिकटवू नका, माझ्या आधीच्या मालकाने अर्धं भोक वेल्क्रोने झाकलं होतं, त्यामुळे आकडा उशिरा यायचा, लिफ्ट (वर नेणारी हवा) संपून गेल्यावर बीप. सुरीच्या टोकाने वेल्क्रो कापून काढला आणि व्हॅरिओ जिवंत झाला. काही सेन्सरांना थेट ऊन पण चालत नाही, भोकातून सूर्यकिरण पडला की आकडा उडी मारतो, पण माझ्यात तसं कधी दिसलं नाही.

आता ती न पटलेली गोष्ट. या व्हॅरिओत आवाज कमी-जास्त करायचं बटण आणि ए२ शून्य करायचं बटण एकच आहे. थोडं दाबलं की आवाज, दाबून धरलं की शून्य. घरात बसून हे ठीक वाटतं. मागच्या वर्षी फेब्रुवारीत मी लँडिंगच्या साधारण तीनशे मीटर वर होते, संध्याकाळची सगळीकडे हलकी हलकी लिफ्ट होती, बीप सतत चालू, आणि मला रेडिओवर सर काहीतरी सांगत होते ते ऐकू येईना म्हणून आवाज कमी करायला बटण दाबलं. हातात जाड हातमोजा. पहिल्यांदा लागलं नाही असं वाटलं म्हणून जोरात दाबलं आणि दाबून धरलं गेलं. आवाज तसाच राहिला, आणि ए२ वर ००००. मी जवळजवळ मिनिटभर ते शून्य बघत होते आणि मला कळत नव्हतं काय झालंय, कारण डोक्यात शून्य म्हणजे जमीन असं पक्कं बसलेलं. पोटात गोळा आला. खाली बघितलं तर शेत लहान लहान, गुरं ठिपक्यासारखी, म्हणजे जमीन लांब आहे, म्हणजे आकडा खोटा आहे. हे समजल्यावर शांत झाले. मग ए१ बघावं तर त्या दिवशी ए१ लावलंच नव्हतं. बाकीचं उतरणं सगळं नजरेने केलं, पवनेचं पाणी किती वर दिसतंय, समोरच्या टेकडीचा माथा क्षितिजाच्या वर गेला का, विजेचे खांब किती उभे दिसतात की आडवे, आणि नीट उतरले, शेताच्या मधोमध. खालच्या घरातल्या मावशी रोज आम्हाला उतरताना बघतात, त्यांनी पाणी दिलं आणि म्हणाल्या, "आज लई वेळ वरच्यावर घिरट्या घातल्यास गं." खरंच घातल्या होत्या, खात्री होईपर्यंत उंची सोडायची हिंमत होत नव्हती.

एखादं यंत्र किती चांगलं हे मी आता यावरून ठरवते, की त्यात आकडा मुद्दाम लावणं किती सोपं आहे आणि चुकून लागणं किती अवघड आहे. याच्यात पहिलं उत्तम आणि दुसरं अत्यंत वाईट. हवेत असताना, म्हणजे वेग किंवा चढ-उतार चालू असताना, शून्य करायचं बटण बंदच पाहिजे नाहीतर निदान "खरंच करू का" असं विचारलं पाहिजे. कंपनीला मी मेल लिहिला, व्यवस्थित, कुठलं बटण, कुठल्या परिस्थितीत, काय झालं ते. उत्तर आलं की मॉडेल जुनं आहे, अपडेट निघणार नाही. दोन ओळी. जुनं आहे हे मलाही माहितीये, पण ते अजून लोकांच्या मांड्यांवर उडतंय. आता मी त्या बटणाभोवती जाड रबराची छोटी रिंग चिकटवलीये, सायकलच्या ट्यूबची, त्यामुळे हातमोज्याने चुकून दाबलं जात नाही, मुद्दाम बोटाचं टोक घालावं लागतं. कोणाकडे असला एकाच बटणवाला व्हॅरिओ असेल तर आजच्या आज करून टाका.

जीपीएसवाला नवीन घ्यावा का असं मला खूप जण विचारतात, की त्यात हे लावायची कटकटच नाही. थोडंसं खरं आहे. बरेच नवीन व्हॅरिओ चालू केल्यावर जीपीएसवरून ए१ आपोआप लावतात. पण चालू करून लगेच पहिल्या मिनिटाला लावला तर सॅटेलाइट पुरते मिळालेले नसतात आणि वीस-तीस मीटरची चूक तशीच बसते, तर चालू करून पाच मिनिटं मोकळ्यावर ठेवा मग बघा. आणि अजून एक, जीपीएसची मूळ उंची समुद्रसपाटीपासून नसते, पृथ्वीचा एक गुळगुळीत काल्पनिक आकार धरतात त्याच्यापासून असते, आणि आपल्या भागात समुद्रसपाटी त्या आकाराच्या साठ-सत्तर मीटर खाली आहे. चांगली यंत्रं हा फरक स्वतः काढून दाखवतात. काही ट्रॅक फाइलमधे तो काढलेला नसतो, म्हणून घरी येऊन फ्लाइट कॉम्प्युटरवर उघडली की टेक-ऑफ डोंगराच्या पोटात दिसतो आणि लोक घाबरतात. आयजीसी फाइलमधे (उड्डाणाची नोंद ठेवणारी ट्रॅक फाइल) प्रत्येक ओळीत दोन उंच्या असतात, एक दाबाची, १०१३.२५ धरून, आणि एक जीपीएसची, आणि त्या दोन्ही तुमच्या ए१ शी जुळणार नाहीत, जुळायला नकोतच.

मी हल्ली मांडीवर व्हॅरिओच्या शेजारी फोनवर एक्ससीट्रॅक नावाचं अ‍ॅप पण चालू ठेवते, फुकट आहे आणि त्यात जमिनीपासूनची उंची दिसते, म्हणजे खाली जे काही आहे त्याच्यापासून. नकाशातल्या उंच्यांवरून तो काढतो. मोकळ्या भागावरून जाताना फार उपयोगी आहे. पण सह्याद्रीत जपून. आपले कडे सरळसोट, आणि त्या उंच्यांच्या नकाशात एक एक चौकोन तीस मीटर किंवा नव्वद मीटरचा, त्यामुळे कड्याची धार त्यात घासून गोल झालेली असते. धारेवर तीस मीटर वर असताना तो सत्तर दाखवू शकतो, आणि पुढच्या क्षणी धार ओलांडली की एकदम तीनशे. कड्याजवळ असताना मी तो आकडा बघतच नाही.

बॅटरीबद्दल लवकर सांगते, चार्जेबल सेलवर पण नीट चालतो, माझे महिना-दीड महिना जातात. सेलच्या जागेचे पत्रे गंजलेले होते ते पुण्यातल्या घड्याळं दुरुस्त करणाऱ्या काकांनी शंभर रुपयांत घासून, नवीन पत्रा लावून दिले, तिथे त्यांनी पण व्हॅरिओ हातात घेऊन वर-खाली करून बीप ऐकला आणि दोन गिऱ्हाइकांना बोलावून दाखवला. आवाज मोठा आहे, थर्मलमधला चढता सूर स्पष्ट आहे. मांडीवरचा पट्टा मात्र टाकून दिला, घसरतो.

पंधरा हजाराला घ्यावा का? नव्याने शिकून आलेल्याने घ्यावा, आणि पहिला आठवडा जमिनीवर वापरावा, जिन्यात, पर्वतीच्या पायऱ्यांवर, सिंहगडाला, आकडा लावा, चढा, उतरा, परत आल्यावर किती सरकला बघा. फक्त बटणं तपासून घ्या, आवाज आणि शून्य एकाच जागी असेल तर किंमत कमी करून मागा आणि रबराची रिंग लावा.

सध्या पावसाळा, कामशेत बंद. सेल काढून ठेवायच्या आधी मी काल रात्री एकदा चालू केला. जानेवारीत याच टेबलावर ए१ घराच्या उंचीला लावलं होतं, नंतर हात लावला नाही, आणि काल तो त्यापेक्षा ८४ मीटर जास्त दाखवत होता. बाहेर धो धो पाऊस, क्यूएनएच १००५. सेल काढले, डबीत सिलिका जेलच्या पुड्या टाकल्या आणि झाकणाच्या आत कागद चिकटवला, "ऑक्टोबर: आधी ए१, मग ए२".